बारा जणांची देग

कप्तान बार्रालने गुलामांच्या बेड्या समुद्रात फेकल्या, जादा फळ्या फेकल्या, पाण्याची पिंपंही फेकली. राहिली फक्त देग. ती चुलीत विटांनी पक्की बसवलेली होती आणि इंग्रजांचं गस्ती जहाज अगदी मागे येऊन ठेपलं होतं. नाहीतर हा गडी साळसूद म्हणून सुटला असता.

आता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या फ्रीटाउनच्या कोर्टात तीन दिवस त्या एका भांड्यावर खल चालला होता. गुलामांचा व्यापार थांबवायला इंग्लंड आणि स्पेनने केलेल्या नव्या तहाप्रमाणे जहाजावर एकही गुलाम सापडला नाही तरी चालत होतं. खलाशांच्या गरजेपेक्षा मोठी देग सापडली की जहाज जप्त. पण गरज म्हणजे किती, हे लिहायला दोन्ही देशांचे शहाणे विसरले होते. बार्राल शपथेवर सांगत होता, "माझे बारा खलाशी खादाड आहेत. रोज देगभर भात शिजतो आणि रोज फस्त होतो." इंग्रज न्यायाधीश म्हणाले, थापा. स्पॅनिश न्यायाधीश म्हणाले, असेलही. दोघांचं जमलं नाही तर चिठ्ठ्या टाकून तिसरा पंच निवडायचा, असा नियम. म्हणजे न्याय सोडतीत निघायचा.

कोर्टासमोर खानावळ चालवणाऱ्या मोरेनिकेचा सोडतीवर काडीचा विश्वास नव्हता. आणि तिचा जीव त्या जहाजात अडकला होता. जहाजाचा आचारी ओगुनडेले पहाऱ्यात मीठ न्यायला आला, तेव्हा तो तिच्याच गावच्या बोलीत बोलला. गाव सुटल्यापासून नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला तिथली लोहारांची आळी माहीत असलेलं माणूस भेटलं होतं. कागदावर तो 'स्वखुशीने आलेला खलाशी' होता. खरं तर बार्रालने त्याला विकत घेतलं होतं. जहाज सुटलं की तोही गेला.

"अरे, मग कोर्टात सांग की!" ती खेकसली.

"सांगितलं आणि तरी जहाज सुटलं तर? ताई, समुद्रात कोर्ट नसतं."

चौथ्या दिवशी जाणकार म्हणून मोरेनिकेलाच बोलावलं. ही देग किती जणांची, असा प्रश्न आला.

"मला विचाराल तर तीनशेची," ती म्हणाली, "पण कप्तानसाहेब एवढी शपथ घेतायत, तर असेल बाराची. मी मेली अडाणी. अशी जेवणारी माणसं मात्र उभ्या जन्मात बघितली नाहीत हो! एकदा बघू दे. तांदूळ माझा."

इंग्रज न्यायाधीशांनी रुमालाआड हसू दाबलं. बार्रालला नाही म्हणायची सोय नव्हती. शपथ त्याचीच होती.

आठ हमालांनी देग उपसून कोर्टाच्या अंगणात आणली. मोरेनिकेने तांदूळ, ताडाचं तेल, सुकी मासळी आणि जरा सढळ हाताने मिरची घातली. बारा खलाशी पंगतीला बसले. कप्तान डोळे वटारून उभा, म्हणून बिचारे इमानाने जेवले. चौथ्या वाढपाला एकाने कमरेचा पट्टा सोडला. सहाव्याला दुसरा आंब्याच्या झाडामागे पळाला.

"वाढ रे त्यांना, लाजतायत!" मोरेनिके ओगुनडेलेला म्हणाली. ओगराळं त्याच्या हातात होतं, पण तो देगीकडे बघतही नव्हता.

शेवटी बाराही जण आडवे झाले. भात चार बोटंही खाली गेला नव्हता.

"आज त्यांची तब्येत बरी नाही," बार्राल म्हणाला.

"अगंबाई! बारा जणांची एकदमच बिघडली?"

अंगण खदखदून हसलं. स्पॅनिश न्यायाधीश मघापासून गुपचूप एक ताटली संपवून दुसरी मागत होते, त्यांनाही ठसका लागला.

"अन्न टाकायचं नाही," असं म्हणत मोरेनिकेने पलीकडच्या आवाराचं फाटक उघडायला लावलं. आठवड्यापूर्वी दुसऱ्या एका जहाजावरून सोडवलेली माणसं तिथे होती. ती आली, बसली, जेवली. कारकून मोजत होता. देगीचा तळ खरवडला तेव्हा खलाशी धरून आकडा दोनशे अठ्ठ्याण्णव झाला होता.

"बाई, तुमचा अंदाज इतका अचूक कसा?" स्पॅनिश न्यायाधीशांनी कौतुकाने विचारलं.

मोरेनिकेचं हसू थांबलं. "मला आणलं त्या जहाजावर अशीच देग होती, साहेब. चढलो तेव्हा तीनशे होतो. पहिल्या दिवशी सगळ्यांना पुरली. मग रोज भात उरायला लागला."

स्पॅनिश न्यायाधीशांनी हातातली ताटली खाली ठेवली आणि दौत मागवली. चिठ्ठ्या टाकायची वेळच आली नाही. जहाज जप्त, आणि तहात लिहिल्याप्रमाणे करवतीने दोन तुकडे.

बार्राल पाय आपटत निघाला. "चल रे!" तो ओगुनडेलेवर ओरडला.

"थांबा," कारकून कागद चाळत म्हणाला. "हा स्वखुशीने आलाय, असं तुम्हीच लिहून दिलंय. काय रे, तुझी खुशी काय?"

ओगुनडेलेने ओगराळं घट्ट धरलं. एवढ्यात नव्याने आलेल्यांतली एक बाई रिकामी करवंटी पुढे करून त्याच्यासमोर उभी राहिली. गुलाम म्हणून आणलेलं माणूस त्या देगीतून दुसऱ्यांदा मागताना त्याने आजवर पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"माझी खुशी इथंच आहे," तो म्हणाला. "देग घासायचीय."

"मग घास की, रडतोस काय!" मोरेनिकेने पदराने स्वतःचेच डोळे पुसले. "आणि लख्ख घास. त्या बाईला अजून वाढायचंय."