कडी लावणारा हात

आधीच सांगते, ती मालिका मी एक दिवससुद्धा धड बघितली नाही. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनीवर माझी सेकंड शिफ्ट. मी घरी येईपर्यंत सुलक्षणा रडून रडून झोपलेली असायची. सुलक्षणा म्हणजे मालिकेतली सून, आणि तिचं सासर म्हणजे निघोज्यातलं आमचं घर. गावात सगळ्यांचे स्लॅब पडले, आमचं तेवढं कौलारू राहिलं, म्हणून शूटिंगवाल्यांच्या डोळ्यांत भरलं. दुसरं काही नाही. नाहीतर आमच्या घरात बघण्यासारखं आहे काय!

आहे एक. अंगणाच्या कडेला, ओट्याला लागून धान्याची खोली आहे. धान्याची, म्हणून कडी बाहेरून. डायरेक्टरने ती कडी बघितली आणि नाचायचाच बाकी राहिला. "इथेच सुनेला कोंडायचं!" म्हणाला. माझे सासरे बबनराव शेजारीच उभे होते, ते हसले. सासूबाईंनी मात्र हातातलं सूप खाली ठेवलं आणि परसात निघून गेल्या. त्यांचं नाव कुशाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या खोलीत एक सून खरोखरच कोंडली गेली होती, आणि ती सून म्हणजे आत्याबाई.

नव्या नवरीपणी त्या शेजारच्या गोजाबाईबरोबर जत्रेत गेल्या आणि तंबूतला सिनेमा बघून आल्या. घरात न विचारता. आल्या तशी सासूने दंडाला धरलं, आत ढकललं आणि कडी घातली. दोन रात्री. पाणी खिडकीतून, भाकरी नाहीच. हे मला गोजाबाईने सांगितलं. घरात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. मी एकदा मामांपुढे, म्हणजे सासऱ्यांपुढे, विषय काढला तर म्हणाले, "तवा समद्यांच्याच घरात तसं व्हतं. उगा जुनी मढी उकरू नगंस." झालं! मढ्याच्या शेजारी ती बाई रोज ज्वारी काढायला जाते, त्याचं काय?

आता पुढचं ऐका. मालिकेत सासू झालेल्या नटीचा हात गोरापान, नखं रंगवलेली. डायरेक्टर म्हणाला, कडी लावताना हात जवळून दिसणार, तो कष्टाचा पाहिजे. मामांनी लगेच हाक मारली, "अगं ए, इकडं ये. नुसती कडी लावायचीय." आत्याबाई आल्या. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेलं, चिरा पडलेली बोटं. त्यांनी कडी लावली, डायरेक्टर खूश झाला. त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. पुढे वर्षभर ती मालिका रोज त्या हातानेच सुरू व्हायची. हात यायचा, कडी लावायचा, मग मालिकेचं नाव.

मालिका संपली तेव्हा मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. पण माझा नवरा गोरक्ष स्वस्थ बसेल तर शपथ! त्याची मिनीबस आहे, हिंजवडीतल्या एका कंपनीला लावलेली. सकाळी आयटीची पोरं न्यायची, संध्याकाळी आणायची, निम्मं आयुष्य ट्रॅफिकमध्ये घालवायचं. रविवारी मात्र बस दारात उभी. तिच्याकडे बघून बघून त्याच्या डोक्यात ट्रिप शिजली. 'चला सुलक्षणाच्या सासरी, एक दिवसाची सहल.' सकाळी थेरगावच्या डांगे चौकात बस भरायची, वाटेत मिसळ, मग ज्या देवळाच्या पायऱ्यांवर सुलक्षणा रडते ते देऊळ, मग ज्या विहिरीत ती उडी टाकता टाकता राहते ती विहीर, आणि शेवटी आमचं घर. आता विहिरीचं शूटिंग झालं होतं तिकडे लांब भोरच्या बाजूला. ह्याने आपली सोनबाच्या मळ्यातली विहीर दाखवायला सुरुवात केली.

"अहो, ही ती विहीर नाही," मी म्हटलं.

"विहीर ती विहीर. पाणी आहे ना तिच्यात? मग झालं तर!"

असा माणूस. आणि लोकही असले की सोनबाच्या विहिरीत डोकावून डोळे पुसायचे.

ट्रिप चालली, खोटं कशाला बोलू. बायका यायच्या, आमच्या चुलीपुढे बसून फोटो काढायच्या, दाराच्या कडीला हात लावून "बाई गं, इथंच का?" म्हणायच्या. मग गोरक्षने नवीन टूम काढली. एकेकीने खोलीत जायचं, बाहेरून कडी लावायची, आतून तिने ओरडायचं, "सासूबाई, दार उघडा हो!" बाहेर मोबाइल धरून बाकीच्या तयार. मिनिटभराने दार उघडलं की हसत हसत बाहेर. आत्याबाई रविवारी उजाडताच खुरपं घेऊन शेतावर जायच्या. ऊन असो की आणखी काही, बस गेल्याशिवाय परत यायच्या नाहीत.

तरी सगळं निभावून नेलं असतं. पण गोरक्षच्याच बसने जाणारी एक करिष्मा मॅडम आहे, तिने कंपनीतल्या चाळीसएक जणींची ट्रिप ठरवली. मोठी बस त्यांचीच, जेवण आमच्याकडे. बोलता बोलता ह्याच्या तोंडून निघून गेलं की मालिकेतला तो हात माझ्या आईचा आहे. मॅडम म्हणाली, मग त्यांनीच आम्हाला कोंडलं पाहिजे. आणि ह्याने शब्द देऊन टाकला! मोबाइलवर पोस्टरसुद्धा फिरलं, 'खऱ्या सासूबाईंच्या हातून कडी.'

मला ते लाइनीवर एका बाईने दाखवलं. अंगाची लाही लाही झाली. घरी आले ती चप्पलसुद्धा न काढता त्याच्यापुढे उभी राहिले.

"गोरक्ष," म्हटलं. एरवी मी अहो म्हणते, भांडताना नाव घेते. "तुझ्या आईला त्या खोलीत कोंडलं होतं. आता तिच्याच हाताने तू लोकांना कोंडणार?"

"अगं, ॲक्टिंग आहे ती. बसल्या जागी काम. आईला त्याचं काही नाही वाटत."

"विचारलंस तिला?"

कॉटवरून मामा म्हणाले, "इचारायचं काय त्यात? मी सांगितलंय तिला. बसंल ती."

"बसंल ती! ती काय गाय आहे का, दावं बांधलं की बसायला?"

मामांनी कूस बदलली. गोरक्ष म्हणाला, आवाज खाली कर. मी केला नाही. सगळ्या आळीने ऐकलं असेल, ऐकू दे.

आत्याबाई मागे भांडी घासत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आत्याबाई, तुम्ही नाही म्हणा. पुढचं मी बघते. कोण काय करतंय ते बघतेच मी."

"बसते म्हनलेय मी," त्या म्हणाल्या.

"पण का?"

"आजवर कधी न्हाई म्हनलेय का?"

खरं सांगते, मला त्यांचाच राग आला. किती सोसायचं माणसाने? मी उठले, हत्यारांच्या डब्यातून पाना आणि स्क्रू ड्रायव्हर काढला, म्हटलं ती कडीच उपटून टाकते, मग लावा काय लावायचं ते. पहिला स्क्रू गंजलेला, हलेना. पाठीमागून आत्याबाईंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, तनुजा. कडीनं काय केलंय? कडी आपसूक लागत न्हाई."

आणि मला घेऊन आत गेल्या. मला वाटलं, झालं, ही बाई हरली.

रविवारी बस आली. चांगल्या शिकल्यासवरल्या पोरी, काही जणींबरोबर आया, सासवा. गोरक्ष छोटा माइक घेऊन हिंडत होता, त्याचा स्पीकर ओट्यावर ठेवलेला. मामा फेटा बांधून खुर्चीवर. आत्याबाई शेतावर गेल्या नव्हत्या. हिरवं इरकल नेसून खोलीच्या दाराशी उभ्या होत्या, आणि पोरी त्यांच्या हाताचे फोटो काढत होत्या. हाताचे! तोंडाकडे कुणी बघेना. एक आजीबाई तर बोट नाचवत म्हणाली, "किती छळलंत हो त्या पोरीला! काही वाटलं नाही का?" लोक हसले. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, ती तव्यावर टाकायची विसरले.

"तर मंडळी," गोरक्ष माइकवर म्हणाला, "हाच तो हात आणि हीच ती खोली! पहिला मान करिष्मा मॅडमचा!"

करिष्मा हसत पुढे आली. आत्याबाईंनी हात आडवा केला.

"थांब बाई. तू पावणी. पावण्यांना आधी घरच्यांनी दाखवायचं असतं." मग मामांकडे वळल्या. "अहो, चला. गोरक्ष, तू बी चल."

टाळ्या पडल्या. गोरक्षला तर आईला एवढं सुचलं याचंच कौतुक. मामांनी फेटा सावरला, दोघे हसत हसत आत गेले. आत्याबाईंनी दार ओढलं आणि कडी लावली. सगळे मोबाइल वर.

माइक गोरक्षच्या हातातच होता. स्पीकरवरून त्याचा आवाज आला, बायकी काढलेला, "सासूबाई, दार उघडा हो!" हशा. थोडा वेळ गेला. "आई, झालं. काढ आता." मग मामांचा आवाज, "अगं ए, उघड. गरम व्हतंय हितं." पुन्हा हशा. करिष्मा शेजारणीला म्हणाली, "किती नॅचरल करतात ना!"

आत्याबाई दाराला तोंड लावून उभ्या राहिल्या.

"अहो, एक इचारायचं व्हतं. लई दिस ऱ्हायलंय."

"आधी उघड, मग इचार."

"मी सिनेमा बघून आले आन हितं आत पडले, त्या राती तुमी कुठं व्हता?"

स्पीकरमधून नुसती खरखर. हसणाऱ्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. "हे मालिकेत होतं का गं?" कुणीतरी विचारलं. मोबाइल हळूहळू खाली आले.

"पावण्यांसमोर काय हे!" मामा खेकसले. "उघड म्हनतो ना!"

"पावण्यांसमोर लावलीय. कुठं व्हता तुमी?"

दारावर दोन धक्के बसले. कडी जुनी, दणकट, हलली नाही. मी पिठाच्या हातानेच अंगणात आले होते.

"ओट्यावर," स्पीकर म्हणाला.

"निजला व्हता?"

"न्हाई." मामांचा आवाज बारीक झाला होता. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "झोप कुठली? तू रडत व्हतीस ते ऐकू येत व्हतं."

"दुसऱ्या राती?"

"तितंच."

"कडी आतनं व्हती का बाहेरनं?"

"बाहेरनं."

"मंग?"

"आई व्हती घरात, कुशा."

"दुसऱ्या दिशी त्या चाकणच्या बाजाराला गेल्या व्हत्या. दिवसभर न्हवत्या घरात."

आतून गोरक्ष "आई..." एवढंच म्हणाला आणि खट्कन माइक बंद झाला. मघाची बोट नाचवणारी आजीबाई पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

आत्याबाईंनी मान हलवली. रागावल्या नव्हत्या, रडत तर मुळीच नव्हत्या. दोन्ही हात पदराला पुसले.

"बरं," त्या दाराला म्हणाल्या. "मंग मी बी बसते जरा ओट्यावर."

आणि जाऊन बसल्या. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब सोडून, भर पाहुण्यांसमोर. लग्न होऊन या घरात आल्यापासून मामा घरात असताना मी त्यांना ओट्यावर बसलेलं बघितलं नव्हतं.

करिष्मा कडीकडे सरकली. मी मध्ये उभी राहिले.

"मॅडम, बसा. चहा टाकते."

"अहो, पण ते आत..."

"बसा म्हटलं ना."

ती बसली. तिच्या मागोमाग एकेक करत सगळ्याच आत्याबाईंच्या आजूबाजूला टेकल्या, कुणी ओट्यावर, कुणी खाली अंगणात. मी मोठं पातेलं काढलं आणि चहा टाकला, बाहेरच्या सगळ्यांना पुरेल एवढाच.