छाती दगड झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. आईचं दूध काढायचा, हातानं दाबायचा. एक प्लास्टिकची वाटी, एक दांडी आणि खाली बाटली, एवढाच माझा देह.

माझी मालकीण कारखान्यात शर्टांना कॉलर शिवते. स्वतःचं बाळ मोठं झाल्यावर तिच्या नणंदेनं मला उकळून तिच्या हाती दिलं. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी तिची छाती भरून दगडासारखी झाली. बाळाला तोंडात धरताच येईना, ते रडून लालबुंद. नर्सनं कोमट ओला कपडा ठेवला, हातानं हलकेच दाबून दूध काढायला लावलं. मग थोडं मी ओढलं. छाती मऊ पडली आणि बाळ गटागटा प्यायलं.

"गुणाचा गं हा पंप!" नणंद म्हणाली. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

नर्सनं बजावलं, "दर दोन-तीन तासांनी पाज. कामावर गेलीस की त्याच वेळेला काढ. तुंबू देऊ नकोस, बाई."

तीन महिन्यांनी ती मला पिशवीत घालून कामावर गेली. अकरा वाजता तिनं मुकादमबाईंकडे वीस मिनिटं मागितली.

"आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? जेवणाच्या सुट्टीत काय ते कर."

आडोसा म्हणून संडासच होता, आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. ती एका पायानं दार रेटून धरायची, बाहेरून बायका ठोठावायच्या. जीव धास्तावला की दूध उतरत नाही, मित्रांनो. मी कोरडाच ओढत राहायचो. पुढे घाईचं काम आलं, सुट्टी निम्मी झाली आणि मी पिशवीतच पडून राहिलो. एकदा पांढऱ्या कापडावर दुधाचा डाग पडला, तर तिला सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली.

मग ताप भरला. छातीत गळू झालं, डॉक्टरांनी कापून पू काढला. तोवर बाळ बाटलीला सरावलं होतं. ती छातीशी धरी, ते तोंड फिरवी. हळूहळू दूध आटलं.

गेल्या आठवड्यात तिनं मला शेजारच्या मशीनवरच्या गरोदर बाईला देऊ केलं. त्या बाईनं मला उलटसुलट करून पाहिलं.

"घेतला असता गं. पण बसू कुठे?"

माझ्या मालकिणीनं मला परत पिशवीत ठेवलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मुकादम होईल, कुणी मालक. एखादी आई अशी वेळ मागायला आली, तर तिला लगेच जाऊ द्या. एकदा नाही म्हटलं की ती पुन्हा मागायला येत नाही.