नॉर्मल माणूस

डॉ. सरोजिनीबाईंच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते आणि हिरालाल तीन आठवडे कामावर आला नव्हता. सत्काराची शाल आणायला त्यालाच पाठवायचं ठरलं होतं, म्हणून कॉलेजात सगळ्यांना त्याची आठवण झाली. बाईंना मात्र त्याचं रक्त हवं होतं.

बावीस वर्षं असंच चाललं होतं. शहराबाहेर भनपुरीतल्या लोखंडाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांचं रक्त तपासायचं आणि धुरानं त्यांच्या पेशी आतून किती गंजल्या ते मोजायचं, हा बाईंच्या संशोधनाचा विषय. यंत्र नीट चालतंय की नाही हे कळायला दर महिन्याला एका निरोगी माणसाचं रक्तही त्यासोबत मोजावं लागे. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेचा शिपाई हिरालाल बाही वर करून म्हणाला, "माहं घ्या न, मॅडम." तेव्हापासून तोच. यादीत त्याचं नावच पडलं 'नॉर्मल'. गडी इतका खूश की मोहल्ल्यात सांगत सुटला, "साऱ्या भनपुरीचं रक्त मॅडम माह्या रक्तावर तोलून राहिल्या!" तो राहायचाही भनपुरीतच, भट्टीच्या भिंतीला लागून. बाईंकडे त्याचा पत्ता होता, पण पत्त्याकडे कोण बघतो?

फार शिकलं की माणसाला समोरचं दिसेनासं होतं, ते असं. हिरालालचा नुकसानीचा आकडा सुरुवातीला दोन यायचा. दहा वर्षांपूर्वी तो अडीच झाला, मग तीन, मग चार. बाईंनी रसायन बदललं. यंत्राचा दिवा बदलला, तोही दोनदा. राधिका नावाच्या विद्यार्थिनीला परीक्षानळ्या नीट न धुतल्याबद्दल रडेस्तोवर बोलल्या. फक्त हिरालालच्या रक्तावर कधी संशय घेतला नाही. शेवटी त्यांनी तोडगा काढला. प्रत्येक कामगाराचा आकडा हिरालालच्या त्या दिवशीच्या आकड्यानं भागायचा. आकडे शहाण्यासारखे जागेवर बसले. त्यातून शोधनिबंध निघाला की भनपुरीच्या कामगारांचं नुकसान दहा वर्षांत जराही वाढलेलं नाही. बाईंना सुवर्णपदक मिळालं. एका कारखानदारानं तर तो निबंध फ्रेम करून ऑफिसात लावला.

हिरालाल दवाखान्यात असल्याचं कळलं तशा बाई तिकडे गेल्या. वॉर्डाच्या दाराशी डॉक्टर म्हणाले, "दोन्ही फुप्फुसं गेलीत. हे वर्षानुवर्षांचं दुखणं आहे. आधी कधी रक्त वगैरे तपासलं नव्हतं का याचं?"

बावीस वर्षं, दर महिन्याला! इतकी नोंद जगात कुठल्या रोग्याची कुणी ठेवली नसेल. त्या आकड्यांनी रोगाचं नाव सांगितलं नसतं, पण त्याला वेळेवर एखाद्या डॉक्टरकडे पाठवायला ते पुरेसे होते. बाई न भेटताच घरी परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी जुन्या वह्या काढल्या, न भागलेले आकडे एकेक करून पाहिले आणि एक वही पर्समध्ये घालून पुन्हा दवाखान्यात आल्या. त्याला सांगितल्याशिवाय सत्काराची शाल अंगावर घेणं त्यांच्यानं होणार नव्हतं.

हिरालालच्या नाकात नळी होती. बाईंना पाहताच त्यानं सवयीनं बाही वर केली. "आज मोजणी आहे का, मॅडम?"

"नाही रे." बाई स्टुलावर बसल्या. "हिरालाल, तू दहा वर्षांपासून आजारी आहेस. तुझा आकडा वाढत होता. मला वाटलं, यंत्रच बिघडलं."

तो हसला. "जाऊ द्या न, मॅडम. धूर काय तुम्ही सोडला होता?"

बाईंना रडू फुटलं. खरं तर त्यांना बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. पण बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला भागाकार कळत होता.

"मंग बाकीच्यांचे आकडे तुम्ही माह्याच आकड्यानं भागले न?"

"हो."

"सुशीलचा बी?"

सुशील त्याचा एकुलता एक मुलगा. भट्टीवर लागून वर्ष झालं होतं तेव्हा पोराला खोकला सुटला. भट्ट्यांपासून लांब, अभनपूर गावात, एका धान्याच्या दुकानात दुसरी नोकरी मिळत होती. हिरालालनं त्याला हाताला धरून बाईंकडे आणलं होतं. रक्त तपासून बाई म्हणाल्या होत्या, "अगदी बापासारखा आहे, नॉर्मल. करू दे तिथंच काम." मॅडमचा शब्द म्हणून पोरगा गेली चार वर्षं भट्टीवरच राबत होता.

"खरा आकडा किती होता, मॅडम?"

वही उघडायची गरज नव्हती. सकाळी सगळ्यात आधी बाईंनी तोच आकडा शोधला होता.

"चार," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुझा होता, तेवढाच."

हिरालालनं नाकातली नळी ओढून काढली आणि कोपरावर जोर देऊन उठू लागला. त्याला धाप लागली.

"मोबाईल... मोबाईल द्या न, मॅडम. त्याची ड्यूटी दोन वाजता लागते."

बाईंनी घाईघाईनं पर्समध्ये हात घातला. आधी वहीच हाताला लागली. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून गेले होते.