पाळण्यात चढलेली बॅटरीची खुर्ची

दचकू नका, मी चांगुणाबाईची बॅटरीवरची खुर्ची बोलतेय. पूर्णेत मला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नाही; मी घरातून निघाले की सगळी भुंकत मागं लागतात.

घराच्या माळवदावरून पडल्यापासून चांगुणाबाईचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. नवरा लिंबाजी रेल्वेत फिटर. त्यानं वेताच्या जुन्या खुर्चीला सायकलची चाकं लावली, मोडक्या जीपची मोटर बसवली, खाली ट्रकची बॅटरी ठेवली आणि झाले मी. बटण एकच. दाबलं की पुढं, पुन्हा दाबलं की थांब. मागं जाणं माझ्या नशिबातच नाही. परतायचं तर अख्ख्या गल्लीला वळसा!

चांगुणाबाईला एकच ध्यास होता, परभणीच्या उरुसातल्या मोठ्या आकाशपाळण्यात बसायचं. शेजारची कडूबाई म्हणायची, "उंचावरून पडलीस, तरी हौस फिटंना का गं?"

"पडताना खालचं नीट बघायचं ऱ्हाऊन गेलं ना," चांगुणाबाई म्हणायची.

शेवटी चौऱ्याहत्तरच्या उरुसाला लिंबाजीनं आम्हा दोघींना रेल्वेत घातलं.

उरुसात शिरलो आणि घोळ झाला. बैल नाही, ढकलणारं कुणी नाही आणि बाई बसल्या जागी चाललीय! लोकांनी मौत का कुआं सोडला, आरसेमहाल सोडला आणि माझ्यामागं रांग लावली. मी वळले की रांग वळायची. मी थांबले की रांग थांबायची. "इचं तिकीट कुठं मिळायलंय?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं त्याला झापलं, "आधी रांगेत या की!"

माणसांची एक खोड मला मुळीच आवडत नाही. बाई समोर बसलेली असते आणि विचारतात लिंबाजीला. "बाईला ऐकू येतं का?" "बाई घोटभर च्या घेतील का?" अरे, कंबर गेली म्हणून काय जीभ गेली?

तेवढ्यात आकाशपाळण्याचा मालक नागनाथ तणतणत आला. त्याच्या पाळण्यात चिटपाखरू उरलं नव्हतं. तो लिंबाजीवर ओरडला, "मालक, तुमच्या बाईचा खेळ बंद करा! माझा धंदा बसला!"

चांगुणाबाई कडाडली, "मी खेळ न्हाई, गिऱ्हाईक हाय! मला वर जायचंय."

नागनाथनं माझ्यामागची रांग बघितली. बाई वर गेली तर रांगही पाळण्याकडं येईल, हे त्याच्या ध्यानात आलं. पण पाळण्यातल्या फळीला टेकायला पाठ नव्हती. बाईला बसवलं की ती एका अंगाला कलंडायची. मग त्यानं फळीच काढून टाकली आणि चांगुणाबाईसकट मला दोरखंडानं पाळण्यात आवळून बांधलं. माझी चाकं खाली अधांतरी लोंबत राहिली.

"नवं काही वर चढवायचं तर नारळ फोडावा लागतो," नागनाथ म्हणाला.

"आमी बौद्ध हावोत. आमच्यात नारळ फोडत न्हाईत," लिंबाजी म्हणाला.

"तुमी नका फोडू. पाळणा माझा हाय, मी फोडतो!" असं म्हणून त्यानं माझ्याच लोखंडी दांडीवर फाडकन नारळ फोडला. सगळं पाणी माझ्या बटणात!

पाळणा फिरला. आम्ही अगदी वर पोचलो आणि माझी मोटर आपोआप सुरू झाली. बटण दाबून बघितलं, थांबेचना. चाकं हवेत गरागरा फिरायला लागली. माझी तर बोबडीच वळली. खाली लोकांना वाटलं हाच खरा खेळ. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

नागनाथनं घाबरून पाळणा तिथंच थांबवला आणि सवयीप्रमाणं लिंबाजीला विचारलं, "मालक, उतरवू का बाईला?"

लिंबाजी खेकसला, "मला काय इचारायलात? वर ती बसलीय. तिला इचारा!"

मग नागनाथला मान उंच करावी लागली. त्याच्यामागं साऱ्या रांगेनं माना वर केल्या. "बाई, उतरता का?"

चांगुणाबाईनं खालची परभणी बघितली, माझी फिरणारी चाकं बघितली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खदाखदा हसत होती.

"एवढ्यात?" ती वरून ओरडली. "आत्ता कुठं चालायले मी!"

त्या दिवशी माझी मोटर जळाली. आता मी दारात उभी असते आणि लिंबाजी रोज काहीतरी खटपट करतो. मी दुरुस्त होईन तेव्हा होईन. पण पूर्णेला आलात तर चहा घेणार का, एवढं मात्र चांगुणाबाईलाच विचारा.