अंबूवर घरी

वाशीम जिल्ह्यात व्हेंटिलेटर विकणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. मी तो उद्योग बरीच वर्षं करतोय. गाडीच्या मागच्या सीटवर एक रबरी पुतळा असतो, कमरेपर्यंतचा. दवाखान्यात जायचं, त्याच्या तोंडाला मास्क लावायचा, अंबू दाबून त्याची छाती वरखाली करून दाखवायची. अंबू म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची रबरी पिशवी. ती खपते, कारण स्वस्त असते. ॲम्ब्युलन्समध्ये बसवायचं छोटं व्हेंटिलेटर मात्र सगळे कौतुकाने बघतात, चहा पाजतात आणि वाटेला लावतात. लग्न केलं नाही, खोलीवर बोलायला कोणी नाही, म्हणून दिवसभर त्या पुतळ्याशीच बोलतो. हसायचं तर हसा.

शेलूबाजारचा रतनसिंग आधी जीप चालवायचा, आता त्याची ॲम्ब्युलन्स आहे. मी त्याच्या खनपटीलाच बसलो होतो. शेवटी वैतागून तो म्हणाला, अकोल्याहून एक पेशंट इंझोरीला घरी न्यायचाय, मशीन घेऊन चल आणि काय ते दाखव.

पेशंट म्हणजे मारोतराव. डॉक्टरांनी हात टेकले होते. आमच्याकडे अशा माणसाला दवाखान्यात प्राण सोडू देत नाहीत. श्वासनळीतली नळी तशीच ठेवायची, तिला अंबू लावायचा आणि दाबत दाबत घरी आणायचं, म्हणजे शेवटचा श्वास आपल्या उंबऱ्याच्या आत जातो. रतनसिंगच्या निम्म्या फेऱ्या अशाच असतात. पिशवी दाबायला मुलगा, पुतण्या, जावई असतात, आळीपाळीने दाबतात. मारोतरावांबरोबर एकट्या रुख्मिणीबाई होत्या. मूलबाळ नव्हतं. सख्खा दीर रामकिसन भिंतीला भिंत लावून राहायचा, पण बांधावरून बोलणं बंद झालेलं. तो अकोल्याला फिरकलाही नव्हता.

निघताना नर्सने बाईंना पिशवी दाबायला शिकवलं आणि हात थांबवू नका म्हणून बजावलं. थांबवायचा कधी, हे कोणी सांगितलं नाही.

महान गावाच्या अलीकडेच बाईंची बोटं आखडायला लागली. मला वाटलं, हीच संधी. मी अंबू काढून मशीन जोडलं. छाती कशी एकसारखी वरखाली होऊ लागली! मी पुढे रतनसिंगला ओरडून सांगितलं की बघ, बाईंचे हात मोकळे झाले. बाई त्या मोकळ्या हातांकडे बघत बसल्या. ते मांडीवर तसेच उघडे पडले होते.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "भाऊ, मशीन लय चांगली हाय तुमची. पण माहं मले करू द्या."

मी समजावलं. मशीन चुकत नाही, थकत नाही, हात कमीजास्त दाबला जातो. जे पुतळ्यापुढे पाठ म्हणतो ते सगळं म्हणून झालं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी श्वास घेतो तवाच त्यायले देतो," त्या म्हणाल्या. "दोघायचा संगच चालू हाय. तो तोडू नका."

मला रागच आला, खोटं कशाला बोलू. एवढं यंत्र समोर आणि ही बाई जुनं धरून बसलेली. तरी मी अंबू पुन्हा जोडून दिला. आरशातून रतनसिंग माझ्याकडे बघत होता. इथे मशीन काहून खपत नाही ते आता समजलं का, असं त्याने विचारलं.

इंझोरीत पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. मारोतरावांना खाटेवर घेतलं. मी मानेपाशी बोटं ठेवली, नाडी लागत होती. घरी पोचेपर्यंत श्वास टिकावा एवढीच बाईंची इच्छा होती, ती पुरी झाली. त्यांनी एका हाताने पाण्याचे थेंब ओठांना लावले, दुसऱ्या हाताने पिशवी चालूच ठेवली. मग थोड्या वेळाने माझ्या बोटांना काही लागेना. मी जागा बदलून पाहिलं, मनगट पाहिलं. संपलं होतं.

बाई दाबत होत्या. छाती वर येत होती, खाली जात होती.

आता राहू दे, हे घरातल्या वडीलधाऱ्याने म्हणायचं असतं. पोरगा असता तर त्याने म्हटलं असतं. तिथे रक्ताचा एकच माणूस होता, रामकिसन, आणि तो निंबाखाली खाली मान घालून उभा होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो पुढे आला नाही. शेजारणी पदर तोंडाला लावून बसल्या, पण एकीनेही ते शब्द काढले नाहीत. ज्याने म्हटलं त्याच्यामुळे मारोतराव गेला, असं व्हायला नको होतं कोणाला. मला त्या सगळ्यांची चीड आली. पण तोंड माझंही उघडत नव्हतं.

बाईंचा उजवा हात भरून आला. त्यांनी डावा हात लावला. घामाने पिशवी निसटायला लागली तशी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि दाबत राहिल्या. मान वर करून त्यांनी अंगणाकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे, आणि कोणीही नजर दिली नाही. या बाईला थांब म्हणायलाही माणूस नव्हतं.

मी खाटेशी खाली बसलो आणि त्यांच्या हातांवर हात ठेवला.

"मावशी, राहू द्या आता," मी म्हणालो. "गेले ते."

हात थांबले. छाती खाली गेली ती वर आली नाही. बाईंनी तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. रडल्या नाहीत. पिशवी नळीपासून सोडवून मी बाजूला घेतली, तरी त्यांची बोटं तशीच वाकलेली राहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग आता मी काय करू, भाऊ?"

एवढं भरलेलं अंगण सोडून त्यांनी हे मला विचारलं, आणि मी तर मशीन विकायला आलो होतो.