मळक्या कपड्यांचं गाठोडं

मुकेशनं जुन्या टेम्पोचं फिरतं घर केलं. त्यात टीव्हीला जागा केली, बुटांना केली; मळक्या कपड्यांची जागा मात्र बाप्याच्या डोक्यात येते कुठं! त्याच्या बायकोनं, समीक्षानं, गाठोडं शेगडीखाली, सिलिंडरशेजारी कोंबलं. चौथ्या दिवशी शिरपूरच्या वेशीवर गाडी थांबली, मुकेश हापशीवर पाण्याला गेला आणि तिच्या सासूनं, प्रयागबाईंनी, नाकाला पदर लावला.

"हे घामट कपडे कायले सांभाळून राह्यली वं? जीव गुदमरून राह्यला माहा."

"मंग कुठी ठेवू, डोक्यावर?" समीक्षानं गाठोडं ओढलं आणि रागारागानं दाराबाहेर भिरकावलं.

वास घालवायला प्रयागबाईंनी उदबत्त्या काढल्या, काडेपेटी उघडली. समीक्षा आत वळली आणि जागीच थिजली. गाठोडं बाहेर होतं, वास मात्र वाढला होता. तो कपड्यांचा नव्हताच. गॅसचा होता.

"आई, काडी ओढू नका!"

तिनं काडेपेटी हिसकावली, सासूला दंडाला धरून खाली उतरवलं, मग श्वास रोखून परत आत शिरली. शेगडीचं बटण अर्धवट उघडं होतं. तिनं ते बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या.

सकाळचा चहा कोणी केला होता, हे दोघींनाही ठाऊक होतं. समीक्षा धुसफुसत बाहेर आली, बोलायला तोंड उघडलं. तोवर प्रयागबाई मातीतलं गाठोडं उचलून हापशीकडे निघाल्या होत्या.