सुवाच्य प्रत

मी काही धीट बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. विद्यापीठाच्या जाहीर व्याख्यानांच्या विभागात मी बावीस वर्षं कारकुनी केली ती याच स्वभावावर. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

आमच्याकडे व्याख्यान संपलं की लोक चिठ्ठीवर प्रश्न लिहून पेटीत टाकतात. नाव घालायचं नाही. आधी हात वर करून विचारायचे. पण गेल्या वर्षी एका शिक्षकाने उभं राहून जमिनींबद्दल काहीतरी विचारलं आणि त्याला चौकशीला बोलावलं. दोन दिवसांचे कपडे घेऊन गेला बिचारा. त्याची बायको अजून आमच्या फाटकावर येते आणि पहारेकऱ्याला त्याच्याबद्दल विचारते. तेव्हापासून चिठ्ठ्या.

त्या चाळायचं काम माझं. भलतासलता प्रश्न दिसला की तो माझ्या पर्समध्ये जातो आणि घरी चुलीत. बाकीच्यांत कुणाचं अक्षर कोंबडीचे पाय असेल तर मी माझ्या हाताने सुवाच्य प्रत करते आणि अध्यक्षांच्या गठ्ठ्यात ठेवते. माझं अक्षर गोल, टपोरं, एकसारखं. त्याचा मला थोडा गर्वच आहे, खोटं कशाला बोलू.

परवाचं व्याख्यान होतं बदलत्या हवामानावर, त्यात गरिबांच्या वाट्याला काय येतं यावर. पहिल्या रांगेत पाणीखात्याचे मंत्री. सभागृह खचाखच. आणि शेवटच्या रांगेत माझी धाकटी बहीण. ती पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत आहे. व्याख्यान म्हटलं की जांभया देणारी ही बया आपणहून आली, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

पेटी टेबलावर उपडी केली, ऐंशी-नव्वद चिठ्ठ्या. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. मी भराभर वाचत होते, प्रती करत होते, सगळा पसारा एकाच टेबलावर. त्यात एक चिठ्ठी माझ्याच अक्षरातली दिसली. म्हटलं, ही झाली वाटतं, आणि न वाचता गठ्ठ्यात सरकवली.

अध्यक्षांनी ती तिसरी वाचली. "नदीच्या पाण्यात पारा मर्यादेच्या एकोणीस पट आहे, हा अहवाल मार्चपासून कुणाच्या कपाटात पडून आहे?"

वाचून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचलं ते. मंत्री वळले नाहीत, पण त्यांच्या मागचा माणूस वळला. हे मी लिहिलेलं नव्हतं. माझ्यासारखं अक्षर जगात आणखी एकाच माणसाचं आहे, कारण ते मीच तिला दिलंय. आई कामावर जायची तेव्हा सहा वर्षांच्या धाकटीचं मनगट धरून मीच गिरवून घ्यायचे. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. ती मान खाली घालून चपलेचा पट्टा लावत होती.

रात्री ती उशिरा घरी आली, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी अकराला विभागप्रमुखांनी बोलावलं. ते स्वतः खोलीत नव्हते. त्यांच्या खुर्चीत करड्या शर्टातला एक माणूस होता, बोलायला अगदी मऊ. त्याने मला पाणी दिलं. टेबलावर ती चिठ्ठी होती आणि शेजारी माझं आवक-जावक रजिस्टर उघडून ठेवलेलं.

"अक्षर तुमचंच ना?"

देवाशपथ सांगते, 'नाही' जिभेवर आलं होतं. मला घरी जायचं होतं. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग असं अक्षर कुणाचं? तो आकडा ठाऊक असलेली माणसं प्रयोगशाळेत फार तर चार असतील, आणि त्यातली एक माझ्या ताटाला ताट लावून जेवते. मी हो म्हटलं.

त्याने कोरा कागद पुढे केला आणि तेच वाक्य लिहायला सांगितलं. लिहायला गेले तर हात असा लटपटतोय की 'नदी'लाच पाय फुटले. वर्षभर ज्यांना नावं ठेवली त्यांच्याहून घाण अक्षर. तो वाकून बघत म्हणाला, "हे तर जुळत नाही हो, बाई."

मी दुसरा कागद मागितला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तिचं धरायचे तसं, आणि एकेक अक्षर गिरवलं. घामाने कागद ओला झाला, पण उतरलं. त्याने बराच वेळ चिठ्ठी आणि हा कागद शेजारी धरले आणि मान हलवली. आकडा कुठून आला विचारलं. मागच्या एका व्याख्यानाच्या चिठ्ठीत वाचला, चिठ्ठी जाळली, असं मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, उद्या दहाला या, येताना दोन दिवसांचे कपडे आणा.

घरी आले तर धाकटी दारातच चपला घालून उभी, खांद्याला पिशवी. निघाली होती, मीच लिहिलं म्हणून सांगायला. मी तिला आत ढकललं, कडी लावली आणि काय झालं ते सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली.

"ताई, मी मुद्दाम अगदी तुझ्यासारखं काढलं होतं. स्वतःच्या प्रती तू परत वाचत नाहीस, हे तूच जेवताना सांगितलं होतंस. अक्षर जुळवून बघतील असं वाटलंच नाही गं."

अशी चीड आली की मुस्कटात द्यावी. हात उचललासुद्धा, मग खाली घेतला. नदीकाठच्या वस्तीत मुलांना झटके येतायत म्हणाली, मार्चपासून झोपले नाही म्हणाली. मला ते ऐकायचं नव्हतं, मला भीती वाटत होती. तरी तिने जायचं नाही एवढं मी तिच्याकडून वदवून घेतलं. दोघी गेल्यावर तो आकडा सांगायला बाहेर कोण उरणार?

मग तिने पिशवीतले आपले कपडे काढले आणि माझे घड्या घालून भरू लागली. दोन साड्या, टॉवेल, औषधाची पट्टी. मी म्हटलं, दोन दिवसांचंच भर. ती हो म्हणाली. मग कपाटातून माझा लोकरीचा स्वेटर काढला आणि तळाशी दाबून ठेवला. थंडीला अजून चार महिने होते. मी तो काढायला सांगितलं नाही.